व्हॅलेन्सियाचं रखडलेलं स्टेडियम: एका क्लबाने जमिनीच्या भावावर सगळं लावलं त्याची गोष्ट

स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर, भूमध्य समुद्राला लागून व्हॅलेन्सिया शहर आहे. लोकसंख्या आठ लाखांच्या आसपास. या शहराच्या वायव्येला, बेनिकलाप वस्तीजवळ, काँक्रीटचा एक प्रचंड सांगाडा वर्षानुवर्षं नुसता उभा होता. प्रेक्षकांच्या पायऱ्या ओतून झालेल्या, पण त्यावर ना खुर्च्या ना छप्पर. व्हॅलेन्सिया या फुटबॉल क्लबाच्या या नव्या स्टेडियमचं, म्हणजे नोउ मेस्तायाचं काम फेब्रुवारी २००९ मध्ये थांबलं आणि पुन्हा सुरू झालं १० जानेवारी २०२५ ला. काम थांबलं त्या महिन्यात जन्मलेलं पोर तोवर दहावीच्या वर्गात पोचलं.

बरं, हा काही गल्लीतला क्लब नव्हे. २००० आणि २००१ अशी लागोपाठ दोन वर्षं तो चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात खेळला (दोन्ही हरला, ते सोडा). २००२ आणि २००४ मध्ये राफाएल बेनितेझच्या हाताखाली रेआल माद्रिद आणि बार्सेलोनाला मागे टाकून त्याने स्पॅनिश लीग जिंकली, आणि २००४ मध्येच युएफा कपही. एवढं कमावलेल्या क्लबाला एक स्टेडियम बांधून पुरं करता येऊ नये?

याचं उत्तर फुटबॉलमध्ये शोधलं तर सापडत नाही. ते जमिनीत आहे. हे स्टेडियम फुटबॉलच्या कमाईतून उभं राहणारच नव्हतं. ते जुन्या मैदानाखालच्या जागेतून उभं राहणार होतं. हा एक धागा हातात धरला की बाकीचा गुंता आपोआप सुटत जातो.

आधी जुनं मैदान पाहू. मेस्ताया २० मे १९२३ रोजी सुरू झालं. पहिला सामना शहरातल्याच लेव्हान्ते क्लबाविरुद्ध होता आणि तो व्हॅलेन्सियाने १-० असा जिंकला. तेव्हा सतरा हजार माणसं मावायची. आसपास शेतं होती, आणि मैदानाच्या एका टोकामागून शेतीचा पाट वाहायचा. आत शिरायचं तर प्रेक्षकांना तो पाट ओलांडून उडी मारावी लागे, असं जुनी मंडळी सांगत. मैदानाचं नाव या पाटावरूनच पडलं. व्हॅलेन्सियाच्या परिसरात अशा आठ पाटांचं पाणी वाटण्यासाठी शेतकऱ्यांची पंचायत दर गुरुवारी दुपारी बारा वाजता मुख्य चर्चच्या दाराशी भरते. मेस्ताया त्या आठांपैकी एक. २००९ मध्ये युनेस्कोने या पंचायतीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. म्हणजे ज्या वर्षी शहरातलं सगळ्यात मोठं बांधकाम बंद पडलं, त्याच वर्षी.

मेस्तायाने पुष्कळ काही सोसलं आहे. यादवी युद्धात त्याची वाताहत झाली. ऑक्टोबर १९५७ मध्ये तूरिया नदीचा महापूर आला आणि मैदान चिखलात गेलं. त्यानंतर सरकारने नदीच शहराच्या दक्षिणेकडून वळवली. जुन्या पात्रात आज लांबच लांब बाग आहे. १९८२ च्या विश्वचषकात यजमान स्पेनचे पहिल्या फेरीतले तिन्ही सामने इथेच झाले. आजची क्षमता एकोणपन्नास हजारांच्या आसपास. जागा कमी, म्हणून पायऱ्या वाढल्या त्या उंच आणि उभ्या चढणीच्या. वरच्या मजल्यावर बसलात तर मैदान पायाखाली असल्यासारखं दिसतं, आणि आवाज बाहेर न जाता आतच घुमतो. पाहुण्या संघांना हे मैदान आवडत नाही, यातच सगळं आलं.

इथल्या मुख्य स्टँडमध्ये पंधराव्या रांगेत १६४ क्रमांकाच्या खुर्चीवर एक ब्राँझचा माणूस बसलेला असतो. चोपन्नाव्या वर्षी दृष्टी गेलेला हा एक जुना सभासद. डोळे गेल्यावरही तो मुलाबरोबर सामन्याला येत राहिला. मुलगा शेजारी बसून खेळ सांगायचा, हा ऐकायचा. तो गेल्यावर क्लबाने २०१९ मध्ये, क्लबाच्या शंभराव्या वर्षी, त्याच्याच जागेवर त्याचा पुतळा बसवला. आता मैदान हलणार म्हटल्यावर लोकांच्या जिवाला जे लागतं ते असल्या गोष्टींमुळे. पण २००५-०६ च्या सुमारास क्लब चालवणाऱ्यांना या मैदानात वेगळंच काही दिसत होतं.

क्लब कुणाच्या मालकीचा?

इथे थोडा कायदा समजून घ्यावा लागेल. पूर्वी स्पेनमधले क्लब सभासदांचे असत. वर्गणी भरायची, मत द्यायचं, अध्यक्ष निवडायचा. ऐंशीच्या दशकात बहुतेक क्लब कर्जात बुडाले. मग सरकारने १९९० मध्ये क्रीडा कायदा आणला: व्यावसायिक क्लबांनी कंपनी व्हायचं, शेअर काढायचे, हिशेब कंपनीसारखे ठेवायचे. ताळेबंद बरा असलेल्या चार क्लबांना यातून सूट मिळाली: रेआल माद्रिद, बार्सेलोना, अॅथलेटिक बिल्बाओ आणि ओसासुना. व्हॅलेन्सियाला मिळाली नाही. १९९२ मध्ये तो कंपनी झाला.

हेतू चांगला होता, शिस्त लागावी हा. झालं असं की ज्याच्याकडे जास्त शेअर त्याच्या हाती क्लब. सामान्य चाहत्याकडे दोन-चार शेअर, तेही घरात फ्रेम करून लावलेले. २००४ मध्ये क्लबाची सूत्रं खुआन सोलेरकडे गेली. सोलेर बांधकाम व्यवसायातला माणूस. तो काळच तसा होता. स्पेनमध्ये घरांचे भाव चढत होते, बँका कर्ज द्यायला दारात उभ्या होत्या. व्हॅलेन्सियात तर ऊत आला होता: वास्तुरचनाकार कालात्राव्हाने रचलेली पांढरीशुभ्र कला-विज्ञान नगरी, २००७ मध्ये अमेरिका कपच्या शिडाच्या नौकांची शर्यत, २००८ पासून बंदराच्या रस्त्यांवर फॉर्म्युला वन. अशा हवेत पंचाहत्तर हजार खुर्च्यांचं स्टेडियम कुणाला वेडेपणाचं वाटलं नाही.

हिशेब कसा मांडला होता

मेस्ताया आता शेतात राहिलं नव्हतं. शहर वाढत वाढत त्याच्या चहूबाजूंनी पसरलं होतं आणि ती जागा मोक्याची झाली होती. हिशेब साधा होता. महापालिकेने त्या जागेवरचं खेळाच्या मैदानाचं आरक्षण उठवून तिथे घरं आणि दुकानं बांधायला परवानगी द्यायची. आरक्षण उठलं की भाव कैक पटीने वाढणार. मग ती जागा बिल्डरला विकायची आणि आलेल्या पैशातून बेनिकलापला नवं स्टेडियम बांधायचं. जमलं तर जुनं कर्जही फेडायचं.

मुंबई-पुण्यातल्या वाचकाला हे ओळखीचं वाटेल. सोसायटीचा पुनर्विकास असाच चालतो: वाढीव एफएसआयमधून निघालेले फ्लॅट विकायचे आणि त्या पैशावर जुन्या रहिवाशांची घरं बांधायची. फरक एवढाच, की सोसायटीत भाव पडला तर निदान पहिला फटका बिल्डरला बसतो. इथे क्लब स्वतःच बिल्डर होऊन बसला होता.

खरी गोम वेळेची होती. खर्च आधी करायचा होता आणि पैसे येणार होते सगळ्यात शेवटी. जुनं मैदान विकून लगेच सोडता येत नाही, कारण संघ खेळणार कुठे? म्हणजे नवं आधी बांधायचं, मग जुनं रिकामं करायचं. मधल्या दोन-तीन वर्षांसाठी बँकेचं कर्ज, आणि ते कर्ज त्याच जमिनीच्या उद्याच्या भावावर. भाव चढाच राहील असं धरलं तरच हे गणित सुटतं. तो चढाच राहील का, हा प्रश्न कुणी विचारला असला तरी कुणी ऐकून घेतला नाही.

ऑगस्ट २००७ मध्ये काम सुरू झालं. जमिनीला अजून गिऱ्हाईक पक्कं झालं नव्हतं, तरी सुरू झालं. माझ्या मते सगळ्या प्रकरणात अक्षम्य म्हणावी अशी हीच एक गोष्ट. बाकी नशिबाचे फेरे म्हणता येतील, हे नाही. मे २००८ मध्ये बांधकामाच्या जागी अपघात होऊन चार कामगार मेले. मैदानावरही धड चाललं नव्हतं. रोनाल्ड कूमन प्रशिक्षक म्हणून आला, त्याने कान्यिसारेस, अल्बेल्दा, आंगुलो या जुन्या खांबांना बाजूला केलं, कोपा देल रे हा स्पेनचा राष्ट्रीय चषक जिंकला आणि लीगमध्ये घसरण झाल्यामुळे काही दिवसांत हाकललाही गेला. २००८ संपता संपता जागतिक मंदी आली आणि स्पेनमधला घरबांधणीचा फुगा फुटला. मेस्तायाच्या जागेला कुणी हात लावेना. क्लबाचं कर्ज ५० कोटी युरोंच्या घरात गेलं. २००९ च्या सुरुवातीला खेळाडूंचे पगार थकले आणि बेनिकलापच्या क्रेन थांबल्या.

आता क्लब अशा कात्रीत सापडला होता: जुनं विकल्याशिवाय नवं पुरं होत नाही आणि नवं पुरं झाल्याशिवाय जुनं सोडता येत नाही. व्याजाचं मीटर मात्र चालूच.

मग पैसे कुणाचे लागले?

पहिल्यांदा लागले ते खेळाडूंचे. दाव्हिद व्हिया २०१० मध्ये ४ कोटी युरोंना बार्सेलोनाला गेला. त्याच उन्हाळ्यात दाव्हिद सिल्व्हा मँचेस्टर सिटीला. पुढच्या वर्षी खुआन माता चेल्सीला. विश्वविजेत्या स्पेनच्या संघातली ही तीन माणसं, एकाच क्लबाने पंधराएक महिन्यांत विकलेली. तरीही प्रशिक्षक उनाय एमेरीने २०१० ते २०१२ अशी तिन्ही वर्षं संघाला लीगमध्ये तिसऱ्या क्रमांकावर ठेवलं. व्हॅलेन्सियातले लोक तेव्हा त्याच्यावर खूश नव्हते. आज त्यातल्या पुष्कळांना ते दिवस गोड वाटत असतील.

दुसऱ्यांदा लागले ते सरकारचे, म्हणजे शेवटी करदात्यांचे. २००९ मध्ये क्लबाने नवे शेअर काढले. ते विकत घेतले व्हॅलेन्सिया क्लबाच्याच प्रतिष्ठानने. प्रतिष्ठानकडे पैसे कुठून आले? बांकाखा या स्थानिक बचत बँकेने साडेसात कोटी युरो कर्ज दिलं. आणि बँकेने ते कशाच्या जोरावर दिलं? प्रादेशिक सरकारच्या वित्तसंस्थेने हमी घेतली म्हणून. थोडक्यात, कर्ज प्रतिष्ठानच्या नावावर, पैसा क्लबात, आणि जामीनदार सरकार. असा जामीनदार शेवटी कशासाठी असतो हे वेगळं सांगायला नको. पुढे बांकाखा इतर बचत बँकांबरोबर बांकियात विलीन झाली, आणि २०१२ मध्ये बांकियाच बुडायला लागल्यावर स्पेनच्या सरकारला ती वाचवावी लागली. म्हणजे आता क्लबाचा मुख्य सावकारही सरकारी आणि त्याचा जामीनदारही सरकारी.

युरोपीय संघाचा एक नियम आहे: सरकारने एखाद्या कंपनीला बाजारभावापेक्षा स्वस्तात मदत करून स्पर्धा बिघडवायची नाही. फुटबॉल क्लब कंपनी असल्यामुळे हा नियम त्यालाही लागू. युरोपीय आयोगाने २०१६ मध्ये निकाल दिला की ही हमी बेकायदा मदत होती, क्लबाने २ कोटी युरोंहून जास्त रक्कम परत करावी. क्लब न्यायालयात गेला. मार्च २०२० मध्ये निकाल क्लबाच्या बाजूने लागला. आयोगाने अपील केलं, तेही २०२२ मध्ये फेटाळलं गेलं. न्यायालयाचं म्हणणं असं, की आयोगाने मदतीची किंमत ठरवताना बाजारातल्या हमीच्या दराचा नीट अभ्यास केला नाही. मदत द्यायला हवी होती की नव्हती, हा प्रश्न न्यायालयाने सोडवला नाही आणि ते त्याचं कामही नव्हतं.

तिसऱ्यांदा लागले ते सिंगापूरचे. प्रतिष्ठानला कर्ज झेपेना, म्हणून २०१४ मध्ये त्याने आपले शेअर, क्लबाचे साधारण सत्तर टक्के, सिंगापूरचे उद्योगपती पीटर लिम यांना विकले. शेअरचे म्हणून ९.४ कोटी युरोंच्या आसपास मिळाले. स्टेडियम २०१९ पर्यंत, म्हणजे क्लबाच्या शतकमहोत्सवापर्यंत, पुरं होईल असं तेव्हा सांगण्यात आलं. सुरुवातीला लोकांनी लिम यांचं जोरदार स्वागत केलं, हे आज कुणाला आठवायला आवडत नाही.

पुढची दहा वर्षं थोडक्यात सांगतो, कारण ती वाचायला जितकी कंटाळवाणी तितकीच तिथल्या लोकांना जगायला. प्रशिक्षक येत-जात राहिले. गॅरी नेव्हिल या इंग्लंडच्या माजी खेळाडूला प्रशिक्षणाचा अनुभव नसताना आणलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये बार्सेलोनाने सात गोल घातले. मार्सेलिनोने संघ सावरला, २०१९ मध्ये बार्सेलोनालाच २-१ असं हरवून कोपा देल रे आणला, आणि सप्टेंबरमध्ये त्याला काढून टाकलं. २०१९-२० नंतर युरोपीय स्पर्धा दिसेनाशा झाल्या. शहरभर ‘लिम गो होम’ लिहिलेले पिवळे फलक लागले. पण कंपनीत घोषणांना मत नसतं, शेअरला असतं.

स्टेडियमचं काय? प्रादेशिक सरकारने मेस्तायाच्या जागेवर जास्तीचं बांधकाम करायची सवलत दिली होती, पण अट घातली होती की नवं स्टेडियम ठरल्या मुदतीत झालं पाहिजे. मुदत उलटून गेली, वाद कोर्टात गेले आणि २०२२ मध्ये सरकारने सवलतच रद्द करायला घेतली. मला यात दोन्ही बाजूंचं पटतं. सवलत हा सार्वजनिक पैसाच असतो. मोबदल्यात काही मिळालं नाही तर ती का ठेवायची? दुसरीकडे, ती काढली तर सांगाडा तसाच राहणार आणि त्याच्या शेजारी राहणाऱ्यांना आणखी दहा वर्षं तोच बघत बसावं लागणार. शेवटी नगरपालिकेतली सत्ता बदलल्यावर २०२४ मध्ये नवा करार झाला आणि परवाने निघाले.

आणि लेव्हान्ते?

शहरातला दुसरा क्लब वयाने मोठा आहे. लेव्हान्तेची स्थापना १९०९ ची, व्हॅलेन्सियाची १९१९ ची. ऐपतीने मात्र कायम धाकटा. गंमत म्हणजे जुनी जागा विकून शहराच्या कडेला जाण्याचा प्रकार लेव्हान्तेने चाळीस वर्षं आधी करून पाहिला होता. वायेखोचं जुनं मैदान सोडून तो १९६९ मध्ये ओरिओल्स भागातल्या नव्या स्टेडियमात आला. तेव्हा तिथे भाजीचे मळे होते. आज बाजूला मॉल आहे आणि चाळीवजा इमारतींमध्ये जगभरातून आलेली कामकरी माणसं राहतात.

लेव्हान्तेही २००८ मध्ये बुडाला होता. खेळाडूंना महिनोन्‌महिने पगार नव्हता आणि क्लब दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. पण त्याने नवं स्टेडियम काढलं नव्हतं. मोठी जमीन अडकलेली नव्हती. म्हणून न्यायालयाच्या देखरेखीखाली हप्ते बांधून घेऊन, स्वस्तातले, तिशी ओलांडलेले खेळाडू गोळा करून तो २०१० मध्ये वरच्या लीगमध्ये परतला. ऑक्टोबर २०११ मध्ये तर काही दिवस चक्क लीगच्या तक्त्यात पहिला होता. त्या हंगामात सहावा आला आणि युरोपा लीग खेळला. पुढे त्याने आहे त्याच स्टेडियमला छप्पर घातलं. त्या कामामुळे २०१९-२० हंगामाचे शेवटचे घरचे सामने ला नुसिया नावाच्या छोट्या गावात खेळावे लागले, प्रेक्षकांना तसंही करोनामुळे बंदीच होती. सव्वीस हजारांचं स्टेडियम, क्लबाच्या मापाचं. खाली-वर जाणं लेव्हान्तेचं चालूच असतं: २०२२ मध्ये उतरला, २०२५ मध्ये दुसऱ्या लीगचा विजेता होऊन पुन्हा चढला.

याच स्टेडियमात २०२२ च्या शेवटी काही सामने साठेक किलोमीटरवरच्या व्हियारेआल क्लबानेही खेळले, स्वतःच्या मैदानाची दुरुस्ती चालू होती म्हणून. व्हियारेआलचं गाव जेमतेम पन्नास हजारांचं, आणि तो क्लब २०२१ चा युरोपा लीग विजेता. त्याचे मालक फर्नांदो रोइग. त्यांचे भाऊ खुआन रोइग मेर्कादोना या सुपरमार्केटच्या साखळीचे मालक. त्यांनी व्हॅलेन्सियात बास्केटबॉलसाठी स्वतःच्या पैशाने नवंकोरं रोइग अरेना बांधलं, ते २०२५ मध्ये उघडलंही. तिसरे भाऊ फ्रान्सिस्को नव्वदच्या दशकात व्हॅलेन्सिया क्लबाचे अध्यक्ष होते. एवढे पैसेवाले फुटबॉलवेडे भाऊ त्याच भागातले असताना आपल्या क्लबाच्या वाट्याला सिंगापूर का आलं, हा मेस्तायाच्या आसपासच्या बारमधला न संपणारा विषय आहे.

आता पुढे

जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालेलं काम २०२७ च्या उन्हाळ्यात संपवायचं ठरलं आहे. क्षमता सत्तर हजार आणि थोडी वर. या वेळी पैशाची मांडणी बदलली आहे, आणि समजून घ्यायची ती हीच. काही रक्कम ला लीगाने, म्हणजे स्पॅनिश लीगने, सीव्हीसी या गुंतवणूक कंपनीशी केलेल्या करारातून आली: कंपनीने क्लबांना आज पैसे दिले, बदल्यात लीगच्या प्रक्षेपण हक्कांच्या उत्पन्नातला वाटा तिला पन्नास वर्षं मिळणार. दिलेल्या पैशातला मोठा भाग स्टेडियमसारख्या कामांवरच खर्च करायची अट होती. याउपर गोल्डमन सॅक्समार्फत २०२५ मध्ये तीस कोटी युरोंहून मोठं, दीर्घ मुदतीचं कर्ज उभं केलं गेलं. मेस्तायाची जागा आजही विकायची आहेच, पण सगळा डोलारा आता तिच्या एकटीवर उभा नाही.

त्याऐवजी तो स्टेडियमच्या स्वतःच्या कमाईवर उभा आहे. महागड्या बॉक्सची भाडी, कंपन्यांची जेवणं, मैफली, नावाचे हक्क. हे सगळं चालायला मैदानावर काहीतरी पाहण्यासारखं घडावं लागतं, आणि युरोपीय स्पर्धांचे सामने तर हवेतच. २०३० चा विश्वचषक स्पेन, पोर्तुगाल आणि मोरोक्कोत होणार आहे. २०२४ मध्ये स्पेनने आपल्या अकरा स्टेडियमांची यादी दिली तेव्हा व्हॅलेन्सियाचं नाव त्यात नव्हतं, कारण दाखवायला स्टेडियम नव्हतं. हप्ते मात्र विश्वचषक आला काय, न आला काय, सुरूच राहतील. पूर्वी क्लबाने घरांच्या भावावर पैज लावली होती, या वेळी अकरा खेळाडूंवर लावली आहे. मला विचाराल तर निदान ही पैज फुटबॉल क्लबाने लावण्याजोगी आहे. पण सत्तर हजार खुर्च्या भरायच्या तर तक्त्याच्या मधोमध रेंगाळणारा संघ पुरणार नाही, आणि तसा संघ बांधायचा पैसा सध्या स्टेडियमच खाऊन बसलंय.